भूगोल-खगोलाच्या तासासाठी ऑनलाइन साहित्य कसं शोधावं: ठाणे-नवी मुंबईतल्या शिक्षकांसाठी

सहावीच्या वर्गात एका मुलीने दप्तरातून खडीचा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यांच्या सोसायटीच्या आवारात बांधकाम चाललं होतं, तिथून तिने तो उचलून आणला होता. दगड काळाभोर, त्यात मटाराच्या दाण्याएवढी भोकं, आणि एका भोकात खडीसाखरेसारखे पांढरे, चमकणारे स्फटिक. "बाई, दगडाला भोकं कोण पाडतं?"

मला तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही. घरी जाऊन मोबाइलवर 'खडकांचे प्रकार' असं शोधलं, तर परीक्षेच्या नोट्स, जाहिराती आणि एकाच व्याख्या पुन्हा पुन्हा वाचून दाखवणारे व्हिडिओ समोर आले. भोकांचं उत्तर कुठेच नव्हतं. मग शोधशब्द बदलले. 'बेसाल्टमधील पोकळ्या' लिहिलं (बेसाल्ट म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला काळा खडक), नंतर इंग्रजीत 'व्हेसिकल' आणि 'झिओलाइट' हे शब्द टाकले आणि दहा मिनिटांत सगळं उलगडलं. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांमधून झिरपतं आणि आत झिओलाइटसारख्या खनिजांचे स्फटिक धरतात. दुसऱ्या दिवशी ती मुलगी तो दगड वर्गभर फिरवत होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बुडबुडा आपल्या बोटाखाली आहे, हे तिला कोणी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर साहित्य शोधण्याची माझी पद्धतच बदलली. ती इथे क्रमाने सांगते.

आधी प्रश्न, मग इंटरनेट

धड्याचं नाव शोधपेटीत टाकू नका. धडा वाचा, आणि त्यातली कोणती गोष्ट आपल्या मुलांना शाळेच्या गच्चीवरून, लोकलच्या खिडकीतून किंवा खाडीकाठी दिसते ते कागदावर लिहा. ठाणे आणि नवी मुंबई या बाबतीत फार श्रीमंत आहेत. कळवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये पारसिकचा बोगदा आहे; २०२२ पर्यंत फास्ट लोकल त्यातून जायच्या, आता लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. १९१६ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब असा हा बोगदा थेट बेसाल्टच्या पोटातून जातो. खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि उतरतं. भिवंडी तालुक्यात अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. उलव्याला टेकडी सपाट करून आणि नदीचा प्रवाह वळवून विमानतळ उभा राहिला. सहावीतले खडक, सातवीतली भरती-ओहोटी, आठवीतली स्थानिक वेळ, नववीतल्या बाह्यप्रक्रिया या सगळ्यांचं काही ना काही घराजवळ सापडतं.

प्रत्येक गोष्टीपुढे मुलं विचारतील असा एक प्रश्न लिहा. 'कुंडातलं पाणी गरम का?', 'आज भरती किती वाजता?' असे. शोधायचं ते याच प्रश्नाचं उत्तर.

शब्द बरोबर पकडा

मराठीत शोधताना गाडी अडते ती शब्दांपाशी. पाठ्यपुस्तकातला शब्द एक, वर्तमानपत्रातला दुसरा, इंग्रजीतला तिसरा. तिन्ही हाताशी हवेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. त्यांत इंग्रजी संज्ञेचा मराठी प्रतिशब्द मिळतो आणि उलटही शोधता येतं. 'परिवलन' (स्वतःभोवती फिरणं) आणि 'परिभ्रमण' (सूर्याभोवती फिरणं) यांत गल्लत करणारे व्हिडिओ भरपूर आहेत, म्हणून हे दोन शब्द स्वतः आधी पक्के करून घ्या.

दुसरं ठिकाण मराठी विश्वकोश. मुद्रित खंडांतल्या नोंदी आता संकेतस्थळावर वाचता येतात. भूविज्ञान आणि खगोलावरच्या नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. भाषा थोडी जड वाटेल, पण ती शिक्षकाच्या तयारीसाठी आहे. मुलांना ती जशीच्या तशी वाचायला देऊ नका.

मराठीत नाहीच मिळालं तर इंग्रजीत शोधा, पण गूगलच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड सर्च' पानावरून. तिथे संकेतस्थळाचा शेवट ठरवता येतो. सरकारी किंवा शैक्षणिक स्थळांपुरता शोध मर्यादित केला की जाहिरातींचा गाळ बराचसा खाली बसतो. त्याच पानावर फाइलचा प्रकार 'पीडीएफ' निवडलात तर प्रशिक्षणाच्या पुस्तिका आणि कृतिपत्रिका वर येतात. ही एक सवय लागली तर महिन्याचे कित्येक तास वाचतील.

पाठ्यपुस्तक आणि दीक्षा

यावर फार वेळ घालवत नाही, कारण बहुतेकांना माहीत आहे. ई-बालभारतीवर सगळ्या इयत्तांची पुस्तकं मोफत उतरवता येतात. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शिक्षण-पोर्टलवरचं साहित्य उघडतं. त्याचा दर्जा एकसारखा नाही, म्हणून आदल्या दिवशी स्वतः पूर्ण बघा. एक उपयोग मात्र आवर्जून करा: वरच्या आणि खालच्या इयत्तांची पुस्तकंही उतरवून ठेवा. आठवीत ताऱ्यांची जीवनयात्रा शिकवताना सहावी-सातवीत मुलांनी काय वाचलं आहे हे समोर असेल, तर तेच तेच शिकवणं टळतं.

व्हिडिओऐवजी चालू नोंदी शोधा

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच आहे. व्हिडिओत कोणीतरी आधीच सगळं समजावून ठेवलेलं असतं. आजचा पाऊस, आजची भरती, काल झालेला भूकंप मात्र मुलांना स्वतः वाचून अर्थ लावावा लागतो.

पाऊस घ्या. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर रोजचा पाऊस आणि रडारची चित्रं असतात. तिथला २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजलेला असतो, हे मुलांना आधी सांगा, नाहीतर 'काल रात्रीचा पाऊस आजच्या आकड्यात कसा?' असा गोंधळ होतो. मग शाळेच्या गच्चीवर सरळ कडांचा डबा ठेवा आणि रोज साडेआठला पट्टीने पाणी मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हा हिशोब फळ्यावर एकदा करून दाखवा. ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'मुसळधार' आणि २०४.४ च्या वर 'अतिवृष्टी'तला सर्वांत वरचा टप्पा, हे मुलांना चटकन लक्षात राहतं.

आपला आकडा आणि सांताक्रूझच्या वेधशाळेचा आकडा जुळत नाही तेव्हा मुलं हिरमुसतात. तेव्हा त्यांना २६ जुलै २००५ ची नोंद दाखवते. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३ च्या आसपास. घरी आई-वडिलांना त्या दिवसाविषयी विचारून या म्हटलं की दुसऱ्या दिवशी वर्ग नुसता भरून येतो. कोणाचे बाबा रुळांवरून चालत ठाण्याला आलेले असतात, तर कोणाची आजी रात्रभर ऑफिसात अडकलेली असते.

भूकंपासाठी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं संकेतस्थळ आणि त्यांचं भूकंप अ‍ॅप वापरा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा नकाशा देखणा आहे, जगातले मोठे भूकंप आणि भूपट्टांच्या कडा दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण आपल्याकडचे लहान धक्के त्यात सहसा येत नाहीत. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, ती बघायची तर आपल्याच केंद्राच्या नोंदी हव्यात. नोंदीत वेळ, अक्षांश-रेखांश, खोली आणि तीव्रता असते. दहा नोंदी मुलांकडून आलेख-कागदावर मांडून घ्या. 'आपल्याकडे भूकंप होत नाहीत' असं म्हणणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप त्याला त्याच नकाशावर दाखवा.

भरतीचा ताळा

हा उपक्रम मला इतका आवडतो की त्यावर वेगळं लिहिते. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच.

मुलांना दिनदर्शिकेवरून आठवडाभराच्या तिथी लिहायला सांगा आणि वेळा काढायला लावा. मग हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरचं मुंबईच्या भरतीचं भाकीत उघडा आणि शेजारी लिहा. काही दिवशी दहा-वीस मिनिटांचा फरक येईल, काही दिवशी जास्त. फरक का आला, यावर पूर्ण तास देता येतो. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, ठोकताळा तिथीमागे ४५ मिनिटं धरतो. तिथीही नेमकी चोवीस तासांची नसते. शिवाय भाकीत मुंबई बंदराचं आहे, आणि पाण्याला खाडीतून ठाण्यापर्यंत वर चढायला वेळ लागतो.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी हा ठोकताळा आधीच सांगितला होता. ते विटाव्याच्या बाजूला खाडीत मासेमारी करायचे. त्याने वहीत तीन रकाने केले: 'आजोबा', 'इन्कॉइस' आणि 'मी पाहिलं'. तिसऱ्या रकान्यासाठी तो वडिलांबरोबर पुलावर उभा राहून खांबावरची ओली रेघ बघून यायचा. असं साहित्य कुठल्याही पोर्टलवर तयार मिळत नाही, पण पोर्टलवरच्या तक्त्याशिवाय ते तयारही होत नाही. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा वर्तमानपत्रांत येतात, त्या आठवड्यात हा उपक्रम ठेवलात तर उत्तम. मुलांना खाडीकाठी एकटं पाठवू नका, एवढं मात्र पालकांना लेखी कळवा.

वरून बघा

गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं वर्षागणिक सरकतात. शोधपेटीत 'उलवे' टाका आणि टेकडी कशी नाहीशी झाली ते मुलांना बघू द्या. नंतर वाशी-बेलापूरचा पट्टा दाखवा. नदी, वारा, लाटा यांच्याबरोबर माणूसही जमीन घडवतो, हे वाक्य त्यानंतर वेगळं लिहून द्यावं लागत नाही.

नासाच्या वर्ल्डव्ह्यूवर २००० सालापासूनची जवळपास रोजची चित्रं आहेत. मे महिन्यातलं एक आणि ऑक्टोबरअखेरचं एक चित्र शेजारी ठेवा. सह्याद्रीचा रंग तपकिरीचा हिरवा झालेला दिसतो. मधल्या महिन्यांत नुसते ढग, आणि उपग्रहालाही जमीन दिसत नाही हे बघून मुलांना नवल वाटतं. दोन तारखांची तुलना करण्याची सोय तिथेच आहे.

इस्रोच्या 'भुवन'वर भारतापुरते विषयवार नकाशे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश'वर खडकांचा नकाशा मिळतो. भूकोश उघडायला वेळ लागतो आणि मांडणी किचकट आहे, म्हणून तो वर्गात थेट उघडू नका. घरी ठाणे जिल्हा शोधा, पडद्याचं चित्र घ्या आणि तेच दाखवा. जवळजवळ सगळा जिल्हा एकाच कुळातल्या खडकाचा आहे, हे एका चित्रात कळतं.

आकाश

ठाण्यात रात्री मोजके तारे दिसतात. म्हणून आधी स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडा, ठिकाण ठाणे करा, वेळ संध्याकाळी आठची ठेवा. जानेवारीत पूर्वेकडे मृग, त्याच्या खाली व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिका. हे तारे दिव्यांच्या झगमगाटातूनही दिसतात, सुरुवात त्यांच्यापासूनच करा. संगणकावर उतरवून घ्यायच्या आवृत्तीत भारतीय नक्षत्रांची मांडणीही निवडता येते. मग ध्रुवतारा शोधायला लावा. त्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाएवढी, म्हणजे सुमारे १९ अंश. हात लांब केल्यावर मूठ साधारण दहा अंश झाकते, तेव्हा उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी. इतक्या खाली तो बहुतेक इमारतींच्या मागेच असतो. तो का दिसत नाही, हे मुलांना स्वतःच्या मुठीने कळतं.

कक्षा शिकवायला कोलोराडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन वापरा. भाषेच्या यादीत मराठी निवडता येते. गुरुत्वाकर्षण आणि कक्षेच्या सिम्युलेशनमध्ये गुरुत्वाकर्षण बंद करण्याचं बटण आहे. ते दाबण्याआधी प्रत्येक मुलाकडून कागदावर अंदाज लिहून घ्या: पृथ्वी सूर्यात पडेल, गरगरत राहील की सरळ निघून जाईल?

अवकाश मोहिमांसाठी बातम्यांचे तुकडे टाळा, इस्रोच्या संकेतस्थळावर जा. चंद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, हे सगळ्या मुलांना पाठ असतं. त्यानंतर काही दिवसांत इस्रोने चंद्राच्या मातीतल्या तापमानाचा आलेख प्रसिद्ध केला, तो त्यांनी बघितलेला नसतो. पृष्ठभागावर ५० अंश सेल्सियसच्या वर आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास. आठ सेंटिमीटर म्हणजे किती, ते पट्टीवर दाखवा. मुलं पट्टीकडे बघतात, आलेखाकडे बघतात, पुन्हा पट्टीकडे. चंद्राची माती उष्णता किती कमी वाहते आणि हवा नसणं म्हणजे काय, यावरची चर्चा तिथून मुलंच सुरू करतात.

अंतरांची कल्पना द्यायला गूगल अर्थची मोजपट्टी घ्या. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर धरा. सूर्य १ मीटर ३९ सेंटिमीटरचा गोळा, तो मासुंदा तलावाच्या काठी ठेवा. पृथ्वी सव्वा सेंटिमीटरची गोळी, १५० मीटरवर. चंद्र तिच्यापासून ३८ सेंटिमीटरवर. गुरू पाऊण किलोमीटरच्या थोडा पुढे आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवर. ते वर्तुळ नकाशावर काढलं की कोणाचं घर गुरूच्या कक्षेत आणि कोणाचं नेपच्यूनपलीकडे, हे मुलं शोधत बसतात.

तपासणी

मुलांना दाखवण्याआधी प्रत्येक व्हिडिओला तीन प्रश्न विचारा.

ऋतूंचं कारण काय सांगितलंय? 'पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा' असं असेल तर बंद करा. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, आपल्या थंडीत. लांबट अंड्यासारखी कक्षा काढलेलं चित्रही धोक्याचंच, कारण प्रत्यक्षात ती जवळजवळ वर्तुळ आहे.

गरम पाण्याची कुंडं म्हणजे ज्वालामुखी, असं म्हटलंय का? वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या खाली धगधगता ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि भेगांमधूनच वर येतं. दख्खनचे लाव्हाचे थर कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाले आहेत.

आकडा कधीचा आहे? शनीच्या उपग्रहांमध्ये मार्च २०२५ मध्ये १२८ नव्यांची भर पडून संख्या २७४ झाली. जुन्या व्हिडिओत वेगळा आकडा असेल तर व्हिडिओ वाईट ठरत नाही, पण मुलांना तारीख दाखवून आकडा का बदलला ते सांगायला हवं. प्लूटो २००६ पर्यंत ग्रह होता, तीच गोष्ट.

वर्गात नेताना

शाळेतल्या नेटवर विसंबू नका. मी एकदा साठ मुलांसमोर फिरणारं चक्र बघत वीस मिनिटं उभी होते, तो तास पुन्हा मिळाला नाही. फेटची सिम्युलेशन उतरवून ऑफलाइन चालतात. नकाशांची चित्रं आदल्या रात्री पेनड्राइव्हवर घ्या. फाइलला इयत्ता, धडा आणि तारीख असं नाव द्या, म्हणजे पुढच्या वर्षी सापडेल. नासाची बहुतेक चित्रं शिक्षणासाठी मोफत वापरता येतात, फक्त श्रेय लिहा. इतरांच्या चित्रांखाली परवान्याची ओळ असते, ती वाचल्याशिवाय कृतिपत्रिकेत छापू नका.

अडलंच तर माणसं जवळ आहेत. वाशी पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांचे विज्ञान प्रतिभाचे उपक्रम आणि खगोलशास्त्र ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर मोफत मिळतात. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, वरळीला नेहरू तारांगण. सहलीचा दिवस ठरवण्याआधी त्यांची संकेतस्थळं बघून घ्या.

कॅलेंडरवर एक खूण

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते तो दिवस, ठाण्यात १६ मेच्या आसपास आणि पुन्हा २७ जुलैच्या आसपास येतो. भारतीय खगोलशास्त्रीय सोसायटीच्या शून्य सावलीच्या पानावर आपलं ठिकाण निवडून नेमकी तारीख आणि वेळ बघता येते. मेमध्ये ती वेळ दुपारी बाराची नसते, साधारण १२ वाजून ३५ मिनिटांची असते. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर चालतात आणि आपण ७३ वर राहतो. आठवीचा स्थानिक वेळेचा धडा या अर्ध्या तासात आहे.

जुलैमध्ये ढग असतात आणि मेमध्ये शाळेला सुट्टी. म्हणून मी एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मुलांना एक चिठ्ठी देते. त्यात तारीख आणि वेळ लिहिलेली असते, आणि सूचना: सोसायटीच्या गच्चीवर मोठ्या माणसाबरोबर जा, पाण्याची बाटली सपाट जागी उभी करा, सूर्याकडे बघू नका, सावलीचा फोटो काढा. पनवेलला मामाकडे गेलेल्यांनी एक दिवस आधी काढायचा, कारण त्या दिवसांत डोक्यावरचा सूर्य रोज सुमारे २५ किलोमीटर उत्तरेला सरकतो. जूनमध्ये शाळा उघडली की सगळे फोटो तारखेनुसार फळ्यावर लावतो, दक्षिणेकडचे खाली, उत्तरेकडचे वर.